माहूरला एका दिवसात

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि तिथल्या नव्या कचेरीत दाजींची बदली झाली होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. दाजी दिवसभर टँकरच्या कामात गावोगाव फिरत आणि माझी ताई भाड्याच्या खोलीत एकटी. तिथंच गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. आई जाऊन तिला नांदेडला घेऊन आली.

ताई बोलत नव्हती असं नाही. चहा घे म्हटलं की "घेते", जेव म्हटलं की "जेवते". आपणहून मात्र एक शब्द नाही. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. एका सकाळी खिडकीशी बसल्या बसल्या ती म्हणाली, "कुठंतरी डोंगरावर जावं वाटतंय." मला इतका आनंद झाला, की संध्याकाळपर्यंत मी माहूरचं ठरवूनही टाकलं. पहाटे निघायचं, दुपार गडावर काढायची, अंधार पडेस्तोवर परत. शेजारच्या काकांनी जीप द्यायचं कबूल केलं, ड्रायव्हरही त्यांचाच.

ठरल्यावर मी रस्त्याची चौकशी केली. भोकरच्या पुढं रस्ता खराब, मग घाट. त्यात ऊन. ताईचा चेहरा अजून पांढराफटक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्या की. फक्त धक्के बसू देऊ नका." ते कसं जमवायचं, हे कुणाला विचारणार? मी सीटवर दुहेरी गादी टाकायचं ठरवलं. ड्रायव्हरला विचारलं, "वर पाणी मिळंल का?"

"काही भरवसा न्हाई, बाई. यंदा लई कठीण हाय. माणसांना अन् गाडीला, दोघांना पुरंल एवढं घ्या."

निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले, तर आई ओटीचं सामान बांधत होती. खण, नारळ, आणि शेजारी बोटभर लांबीचा लाकडी पाळणा.

"हे काय?"

"नवस बोलून येऊ. देवीच्या दारात चाललोच आहोत तर."

"ताईनं बघितला तर?"

ताई दारातच उभी होती. पाळण्यावरची नजर न काढता म्हणाली, "मला देवीला काही मागायचं न्हाई. मला नुसतं जायचंय. हे नेणार असाल तर मी येत न्हाई."

"तुझ्यासाठीच करून राहिले ना गं," आई म्हणाली.

"माहीत हाय." आणि ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

अण्णा, आमचे वडील, म्हणाले, "राहू द्या हे जाणं." मलाही तेच वाटत होतं, पण जीप नको म्हणून सांगायला मी गेले नाही.

पहाटे जीप आली तेव्हा ताई तयार होऊन ओसरीत बसलेली. आईनं तिच्यासमोर पिशवी उघडून धरली. आत फक्त खण आणि नारळ होते. ताईनं बघितलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

प्रत्येक खड्ड्याला मी ताईकडं बघत होते. घाटात इंजिन तापलं, वाफ यायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा, जरा थंड होऊ द्या." सागाची झाडं पार निष्पर्ण, सावली अशी नव्हतीच. हिला इथं चक्कर आली तर काय करायचं, या विचारानं मी पाण्याचा तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला. ताई मात्र एका दगडावर बसून खालच्या दरीकडं बघत होती.

"मुलगी होती," ती एकदम म्हणाली. "मी बघितलं तिला. कशी होती, हे मला कुणी विचारलंच न्हाई."

आई तिच्यासमोर धुळीतच बसली.

"कशी होती गं?"

"नाक तुझ्यावाणी होतं."

दोघी खूप रडल्या. ड्रायव्हर जीपच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मग ताई सांगत गेली, बाळाचे केस, इवलीशी नखं, दाजींनी तोंड फिरवून घेतलं ते. आई मध्ये मध्ये नुसती "हं" म्हणत होती.

गडावर आई एकटीच दर्शनाला गेली. ताई आणि मी कड्याजवळ वारा खात बसलो. येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मी धक्के मोजायचं सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात दाजी न्यायला आले. ताईनं त्यांना बैठकीत बसवलं, दार लोटलं आणि स्वतःच बाळाबद्दल बोलायला सुरुवात केली.