कोंड्याची तिसरी भाकर

माझ्या धाकट्या जावेची वेणी चार विती आणि चार बोटं भरायची. माझी दोन विती, आणि तीही शेवटाला उंदराच्या शेपटीसारखी. हे मी अंदाजानं सांगत नाही. ती दुपारी ओसरीत झोपलेली असताना मी माझ्या हातानं मोजली आहे.

पिंपळगाव राजाला आमचं एकत्र घर. सासूबाई, आम्ही दोघी जावा, दोघींचे नवरे आणि पाच मुलं. कोठीच्या किल्ल्या आणि मापं माझ्याकडे. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, शेर जाऊन किलो आला होता, पण पीठ मी जुन्या मापट्यानंच मोजून देत असे. चाळिशी आम्ही दोघींनी मागेपुढेच ओलांडली. माझे केस गळत होते, नखं कपडे पिळताना उभी चिरत होती, टाचांना भेगा पडल्या होत्या. ती भांडी राखेनंच घासायची, वर दिवसभर शेतात निंदायची, तरी तिच्या नखांना साधा टवका उडत नव्हता. रोज सकाळी मी फणीत आलेले केस मोजत असे. माझ्या फणीत सत्तर ते ऐंशी. तिच्याही फणीतले मोजत असे. दहाच्या वर कधी गेले नाहीत.

नांदुऱ्याला नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा सासूबाई माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाल्या, "मोठे, लग्नात गंगावन लावजो वं. खोपा सुपारीएवढा दिसून राह्यला."

जाऊ हसली. "माझे कापून देता आले असते तर दिले असते, बाई," ती म्हणाली.

हे मला जास्त लागलं. आमच्याकडे लग्नघरी आदल्या दिवशी बायका एकमेकींना न्हाऊ घालतात. खोट्या केसांचं गंगावन तिथं सगळ्यांसमोर सोडून खुंटीला टांगावं लागतं. लग्नाला अडीच महिने होते. तेवढ्यात मला माझ्या केसांचा खोपा घालता यायला हवा होता.

जाऊ देऊळगाव राजाकडची. माहेराहून येताना ती तळ्याच्या गाळाची माती गाठोड्यात बांधून आणायची आणि दर सोमवारी भिजवून केसांना लावायची. मागितली असती तर तिनं दिली असती. पण मग मला काय हवं आहे, हे तिला कळलं असतं. म्हणून दर रविवारी मी त्या गाठोड्यातली दोन ओंजळी माती काढून घेई, आणि तेवढ्याच वजनाची आमच्या वावरातली माती त्यात भरी. वजनात मला फसवणूक नको होती.

दोन महिने मी ती माती लावली. माझ्या फणीत शहात्तर केस. जावेच्या गाठोड्यात तोवर निम्मी आमची माती झाली होती, तरी तिच्या फणीत आठच.

लग्नाची पत्रिका घेऊन नणंदेचे यजमान आले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. वाढता वाढता मी आडूनच विचारलं, "मातीत केसांसाठी काही असते का हो?"

"माती न् वाळूत सिलिकॉन असते," ते म्हणाले. "पण डोक्याले फासून ते अंगात जात नाही. पीक ते जमिनीतून उचलते, मंग धान्याच्या सालीत उतरते. केस, नखं, कातडी यायले ते लागत असावं, असं काही जण म्हणतात. पक्कं अजून कोणी सांगत नाही. आपण तं पीठ चाळतो न् साल म्हशीले घालतो."

"म्हशीले काऊन मधात आणता, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "ते तं टकलीच हाये."

सगळे हसले. चुलीपाशी बसलेली जाऊ मागं न वळता म्हणाली, "म्हशीला कुठं जातोय कोंडा? तो तर मीच खाते."

"काऊन खातं?" मी विचारलं.

"दोन भाकरीत पोट भरत नाही, बाई. निंदून आलं की तिसरी लागते. तुमच्या मापट्यात तिसरी बसत नाही. मग परातीत राहिलेलं पीठ लावून कोंड्याची थापते."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

बावीस वर्षं. माप माझंच होतं: पुरुषांना चार, मुलांना दोन, बायांना दोन. दोन मला पुरत होत्या, कारण मी घरात बसून होते. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, म्हणून तिचं ताट मी कधी पाहिलं नाही. कोंडा मात्र मी दर महिन्याला म्हशीच्या नावानं धरत आले होते. बावीस वर्षांच्या भाकरी किती होतात, हा गुणाकार मी केला नाही. बाकी सगळे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला तीन भाकरींचं पीठ मोजून दिलं.

"मग कोंडा?" तिनं विचारलं.

"मी खाईन."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "आता माती तरी राहू द्या माझी. तळ्याची पिवळट असते, बाई. आपल्या वावरातली काळी. मला पहिल्या सोमवारीच कळलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमचे केस आले असते तर बरंच होतं की."

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

नांदुऱ्याला मी गंगावन लावूनच गेले. न्हाणाच्या वेळी ते सोडून खुंटीला टांगलं, तेव्हा दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. जाऊ माझ्या मागं येऊन बसली आणि तिनं माझं डोकं चोळलं. तिची नखं लागत होती, पण टोचत नव्हती. माझ्या बाजूला, ओल्या फरशीवर, तिच्या मोकळ्या केसांची टोकं लोळत होती.

या गोष्टीला वर्ष झालं. तिला चाळलेल्या पिठाच्या तीन भाकरी मिळतात, मी कोंड्याची खाते. ती घशाला टोचते. काल सकाळी माझ्या फणीत अडुसष्ट केस होते. तिच्या फणीत सात.