दत्तादाचे दोन हात

गेल्या रविवारी कराडला एका मोबाईलच्या दुकानात माझी चांगलीच जिरली. आणि जिरवली ती अशा माणसाने, जो आयुष्यात एक शब्द बोललेला नाही...

दत्तादा माझा मावसभाऊ. उंब्रजला हायवेच्या कडेला त्याचं टेलरिंगचं दुकान आहे, मागे घर. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नाही, आणि शाळा दुसरीतच सुटली. पण त्याने शिवलेल्या शर्टात माझं पोट दिसत नाही, यावरून कसब ओळखा.

त्याची एकुलती एक लेक आरती बुधवारी पुण्याला नोकरीवर रुजू होणार होती. बापलेक आजवर कधी लांब राहिलेले नाहीत. मेसेज लिहिणं-वाचणं दत्तादाला जमत नाही, म्हणजे उरला फक्त व्हिडिओ कॉल... आणि त्याच्याकडे फोनच नव्हता.

नव्या मोबाईलची टर उडवणाऱ्या पोस्ट मी इथे टाकतो, त्यामुळे नातेवाइकांत मी तज्ज्ञ. त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, बटणांच्या फोनवरून कॉल आला, "भावजी, तुमी या तेवढं. दुकानवाले काय बी गळ्यात मारत्यात." सांगलीहून पहिली एसटी पकडून कराडच्या दुकानात त्या तिघांना गाठलं.

सेल्समनने दोन फोन समोर ठेवले. एकाचा कॅमेरा चंद्रावरचे खड्डे दाखवतो, दुसरा म्हणे फोटोतला नको असलेला माणूस पुसून टाकतो. दोन्हींतही एआय... हल्ली एआय नसलेली वस्तू म्हणजे फक्त भाकरी.

मग मीही हुशारी दाखवायला दोन्ही फोनवर गाणं लावायला सांगितलं. आवाज फुल करून मान डोलवली, आणि ज्याचा आवाज दणदणीत होता तो दत्तादापुढे धरून 'हा घे' अशी खूण केली.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, गानं कुनासाठी लावलंय?"

कुठे तोंड लपवू असं झालं. दत्तादाने मात्र फोनच्या पाठीवर तळवा ठेवला, थरथर जाणवली तसा हसला आणि माझीच पाठ थोपटली.

नंतर खरी परीक्षा. आरती स्वतःचा फोन घेऊन समोरच्या रसवंतीत जाऊन बसली आणि तिथून दुकानातल्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. दत्तादाने डाव्या हातात फोन धरला, उजव्या हाताने बोलायला लागला... आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला.

फोन काउंटरवर ठेवला तर तिला नुसता छताचा पंखा दिसे. कॅल्क्युलेटरला टेकवला तर घसरे. शेवटी त्याने फोन सेल्समनकडे सरकवला आणि मान हलवली... नको.

आरती रस्ता ओलांडून आली. डोळे भरलेले. "काका, बाबांना माझं नावच घेता येईना."

मला काही कळेना. मग तिने करून दाखवलं... दोन्ही हातांचा पाळणा करायचा आणि हलकेच झुलवायचा. ती जन्मली त्या दिवशी दत्तादाने तिचं हे नाव ठेवलं. घरातल्या सगळ्या खुणा त्यांच्या त्यांनीच केलेल्या. एका हाताने पाळणा होत नाही.

बावीस वर्षं मी ती खूण बघतोय, आणि लेकीचं कौतुक चाललंय असं समजतोय...

कोपऱ्यातल्या काचेत एक घडीचा फोन होता. अर्धा उघडलेला, कुणाच्याही आधाराशिवाय उभा. 'घडी घालायला तो काय हातरुमाल आहे?' असं मी याच फोनबद्दल इथे लिहिलं होतं, तुमच्यापैकी बरेच जण हसलाही होतात.

आरतीने तो मागून घेतला, सेल्समनने कॉल जोडून दिला, आणि ती परत रसवंतीत जाऊन बसली. दत्तादा त्या फोनसमोर उभा राहिला... आणि त्याचे दोन्ही हात सुटले. आधी पाळणा झुलला, मग गप्पाच गप्पा. सेल्समनसुद्धा फीचर सांगायचं विसरला.

किंमत ऐकल्यावर वहिनी उगाच पदर सारखा करत रस्त्याकडे बघू लागल्या. दत्तादाला किमतीशी घेणंदेणंच नव्हतं. त्याने खिशातून टेप काढली, फोनची उंची घेतली, पाठीचा उतार घेतला, अगदी गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं... आणि बोट दाखवलं आधीच्या साध्या फोनकडे.

उंब्रजला पोचल्या पोचल्या मशीन सुरू. कॉलरीत घालतात त्या कडक बकरमचा सांगाडा, आत ठासून चिंध्या, पुढे फोन बसेल अशी खाच. तासाभरात तिरकी उशी तयार, फोन तिच्यात ऐटीत उभा.

लगेच दुसरी शिवायला घेतली. मला वाटलं माझ्यासाठी, मी हातही पुढे केला... ती आरतीची होती. तिलाही दोन हात लागणारच की. कापड तिच्या शाळेच्या युनिफॉर्मचं, उरलेलं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं.

काल साताऱ्याहून परतताना उंब्रजला उतरलो. दुकानात बापलेकीचा कॉल चालू होता. मला त्यातलं पाळण्याशिवाय काही कळलं नाही, पण बघत बसलो. कॉल बंद करायचा तर कुणीतरी एक हात थांबवायला हवा... दोघांपैकी कुणी थांबवेना. वहिनी दारातून म्हणाल्या, "बॅटरी निम्मी झाली, पर ह्यांचं सरंना."

खरं इनोव्हेशन कुठल्या फोनमध्ये, असं तुम्ही मला विचारत असता. मला विचारू नका, मी बहिऱ्या माणसासाठी स्पीकर तपासणारा तज्ज्ञ आहे.

पण फोनच्या तोंडाकडच्या बाजूला कॅमेरा बसवायचं ज्या कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं... भल्या माणसा, आम्ही तुझ्या कॅमेऱ्यापुढे ओठांचा चंबू करून सेल्फी काढत बसलो, त्याबद्दल माफ कर. उंब्रजात तुझं काम कारणी लागलंय. मनापासून आभार.