वाहक म्हणजे कोण

"ज्यांची फी माफ आहे त्यांनी उभं राहा," मॅडम म्हणाल्या.

बीएस्सीचं दुसरं वर्ष होतं. जेनेटिक्सचं प्रॅक्टिकल. आम्ही सहा जण उभे राहिलो. मला वाटलं, स्कॉलरशिपचा एखादा कागद राहिला असेल. मॅडमनी सुयांचं पाकीट फोडलं.

"सिकलसेलचा आजार यांच्यातच सापडतो," त्या बसलेल्या मुलांना म्हणाल्या. "तुमचं रक्त घेऊन वेळ कशाला घालवायचा?"

रक्त देता का, असं कोणी विचारलं नाही. बोट पुढे करायचं, बस. सहा नळ्या. नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब. थोड्या वेळानं मॅडमनी एकेका नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरला. पाच नळ्यांतून रेघा दिसल्या. सहावी गढूळ झाली. रेघा गेल्या. ती नळी माझी.

"या, जवळ या. असं दिसतं."

सगळा वर्ग जवळ आला. दोघातिघांनी मोबाईलवर फोटो काढले. नळीचे. मी शेजारीच उभी होते.

"मॅडम, मले काय झालं?" घाईत तोंडातून मले निघून गेलं. कोणीतरी हसलं.

"काही झालेलं नाही. आजारी असतीस तर तीन जिने चढून इथे आली नसतीस. कॅरियर असशील."

"म्हणजे?"

"जेनेटिक्स घेतलंयस ना? डिक्शनरी बघ."

आता मोठ्यानं हसले. रोज माझ्या डब्यातली चटणी खाणाऱ्या मुलीनं आपली बॅग उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवली. मी जागेवर बसले. प्रॅक्टिकलच्या वहीत नळीची आकृती काढली. पट्टीनं सरळ रेघा मारल्या. मला काहीच वाटत नव्हतं.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला मावशीकडे राहत होते मी. ट्रकांच्या गोदामामागे एक खोली. घरी गेल्यावर मोबाईलवर मराठीत कॅरियर शोधलं. दहावीनंतर काय करावं, स्पर्धा परीक्षा, करिअर मार्गदर्शन. तेच येत राहिलं. कानानं ऐकलेला शब्द. त्याचं स्पेलिंग मला माहीत नव्हतं.

विभागात जेनेटिक्सची जाड डिक्शनरी होती. काचेच्या कपाटात. किल्ली मॅडमकडे. मी स्टाफरूमच्या दारात गेले. आत दोन सर चहा पीत होते. मॅडमनी पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"इंग्रजी झेपतं का? वाच."

मी वाचलं. दुसऱ्याच ओळीत हेटेरोझायगस आला. मी हेटेरोझिगस म्हटलं. एका सरांनी कप खाली ठेवला आणि हसू गिळलं.

"मराठी मीडियम," मॅडम त्यांना म्हणाल्या. एखाद्या आजाराचं नाव सांगावं तसं. मग मला म्हणाल्या, "एक तास. पानं दुमडू नकोस."

कॅरियर सापडला. दोन ओळी होत्या. त्यातला एक शब्द कळेना. तो शोधला, तर त्याच्या अर्थात आणखी दोन. ते शोधले, तर तिथे लिहिलेलं, अमुक शब्द पाहा. तासभर मी पानं उलटत राहिले. पुस्तक परत दिलं तेव्हा माझ्या वहीत अकरा शब्द होते आणि अर्थ एकाचाही नव्हता.

कॉलेजच्या मोठ्या लायब्ररीत मराठी परिभाषा कोश मिळाला. तो कोणी मागत नसे, म्हणून लगेच मिळाला. त्यात कॅरियरला वाहक. वाहक म्हणजे मला एसटीतला तिकीट देणारा माणूस माहीत होता. हेटेरोझायगसला विषमयुग्मजी. रिसेसिव्हला अप्रभावी. मराठी माझीच भाषा. पण या मराठीत आमच्या घरातलं कोणी कधी बोललं नव्हतं. ज्यांनी हे शब्द केले त्यांच्यासमोर माझी आई बहुतेक बसलीच नसावी.

तरी सोडलं नाही. डिक्शनरीसाठी मॅडमच्या पुढे आणखी चार वेळा गेले. चारही वेळा वाचून दाखवलं, चारही वेळा ऐकून घेतलं. इंग्रजी शब्द, त्यापुढे कोशातला मराठी शब्द, त्यापुढे आपल्या बोलीत एक वाक्य, असं लिहीत गेले. महिनाभरानं एका पानावर मी लिहिलं : लेकरू आजारी व्हायले आईकडून एक खोट यावी लागते अन् बापाकडून एक. एकाच्याकडून आली तर लेकराले काही होत नाही. दोघायकडून आली तर होते.

लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ताई आठवली.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिची हाडं दुखायची. दुखायला लागली की गोधडीचं टोक दातात धरून पडून राहायची. डोळे पिवळे व्हायचे. कधी कावीळ म्हणत, कधी वात, कधी बाहेरचं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात दोनदा भरती केलं. नववीत असताना गेली. तिसऱ्या दिवशी सगळे जमले होते तेव्हा बाबांची आई माझ्या आईला म्हणाली, "तुह्या पोटातच खोट आहे."

बाबा तिथेच होते. त्यानंतर नात्यातल्या लग्नात आईनं कोणाला हळद लावली नाही. कोणी बोलावलंही नाही. आठ वर्षं.

शनिवारी मी खाप्याला घरी गेले. पेटीतून ताईचा दवाखान्याचा कागद काढला. डॉक्टरच्या अक्षरात, शेवटच्या ओळीत, एस एस. मला आता वाचता येत होतं. एस म्हणजे ती खोट. एक एस आईचा. एक बाबांचा.

आई मेथी निवडत होती.

"आई, ताईचा आजार तुह्या एकटीकडून नोहता. अर्धा तुह्याकडून, अर्धा बाबाकडून."

"दोघायकडून?"

"दोघायकडून."

"कोणं सांगतलं?"

"पुस्तकात आहे. ताई होती तेव्हाही होतं."

आईनं काड्या बाजूला केल्या. "मंग त्या डॉक्टरले माहीत असन."

"असन."

"मंग त्यानं तुह्या बाबासमोर काहून नाही सांगतलं वं?"

बाबा दारात चपला घालत होते. त्यांनी ऐकलं. चपला घातल्या आणि बाहेर गेले. आई रडली नाही. मीही नाही. तिनं उरलेली जुडी सोडली आणि निवडत बसली.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी मला दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बोलावून घेतलं. पाच जण उभे होते. ते कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

"तुझं पॉझिटिव्ह येतं. मुलांना दाखवायला बरं पडतं," मॅडम म्हणाल्या. "बोट दे."

"नाही देत."

मॅडमनी वर पाहिलं. "काय?"

"नाही देत. आणि यांच्यापैकी कोणाची नळी गढूळ झाली तर त्याला तुम्ही काय सांगणार, ते आधी सांगा."

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

उभ्या असलेल्यांकडे वळून मी म्हटलं, "रक्त तुमचं आहे. नाही म्हणता येतं."

एक मुलगी खाली बसली. चौघं तसेच उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभरापूर्वी मीही उभीच होते.

त्या वर्षी प्रॅक्टिकलला मी पास होण्यापुरती पास झाले. एमएस्सीच्या यादीत माझं नाव नव्हतं. यादी दोनदा वाचली आणि वाडीच्या बसमध्ये बसले.

पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आता सावनेरकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या टेबलावर मी बसते. तपासणी मी करते, निकालही मीच समजावते. वाहक हा शब्द वापरत नाही. तो म्हटला की माणसं विचारतात, शिवल्यानं लागते का?

बाया निकालाला आत एकट्या येतात. सासू बाहेर बाकावर बसलेली असते, नवरा कामावर. मी आधी बाईला विचारते, सगळ्यांसमोर सांगू का. बहुतेक जणी होकाराची मान हलवतात. मग सासूला आत बोलावते. नवऱ्याला फोन करून तपासणीला यायला लावते.

मागच्या आठवड्यात एक नवरा म्हणाला, "माह्याकडून? मी तं धडधाकट आहो."

"हो. तुमच्याकडूनही. तुमचाच रिपोर्ट आहे, पाहा."

तो डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेला. डॉक्टरांनी मला बोलावलं. "घरं मोडतील अशानं. जरा गोड बोलत जा," म्हणाले.

मी ऐकून घेतलं आणि टेबलावर परत आले. गोड बोलणार नाही. मी इथे आहे तोवर बाईचा रिपोर्ट एकटा वाचला जाणार नाही. शेजारी नवऱ्याचा ठेवीन आणि दोन्ही वाचीन. मोठ्यानं. सासूसमोर.