मावशीची दुपारची झोप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुतं उतरवणाऱ्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवर तर त्याहून नाही. तरी हे लिहितेय...

दिवेआगरला माझ्या मावशीची सुपारीची वाडी आहे. तिचे यजमान, आमचे काका, हल्ली दुपारी जेवून झोपले की झोपेतच उठून चालायला लागतात. अलिबागच्या डॉक्टरांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं इतकी की रंग दिसत नाही, पण त्यांनी समजावलं नीट. गाढ झोपेच्या टप्प्यात शरीर उठतं, मेंदू मात्र पुरता जागा होत नाही. डोळे उघडे असतात, नंतर काही आठवत नाही. दचकवून उठवू नका, हळूच वळवून परत आणा.

अडचण एकच — वाडीतल्या विहिरीला कठडा नाही. म्हणून मावसभाऊ सुनील काकांना पनवेलच्या फ्लॅटवर न्यायच्या तयारीत होता. गॅलरीला ग्रिल आहे म्हणाला. "म्हणजे पिंजरा," काका म्हणाले. मावशीचं म्हणणं, मी दुपारभर जागी असते, कुठे न्यायला नको. ते खरं का, हे बघायला सुनीलने मला पाठवलं.

दुसऱ्या दुपारी मी ओटीवर वाचत होते. काका बाहेर आले आणि सरळ विहिरीकडे निघाले. मी पुस्तक टाकून उठतेय, तोवर मावशी माझ्या बाजूने पुढे गेली. हाक नाही, घाई नाही. काका आणि विहीर यांच्या मधे उभी राहिली, त्यांच्या कोपराला हात लावला, आणि दोघं वळली. डॉक्टरांनीही असं जमवलं नसतं. ती दोघं परत येताना मी म्हटलं, "कमाल आहेस, मावशी."

ती काकांना घेऊन तशीच माझ्यासमोरून आत गेली. तिची नजरही काकांसारखीच... कुठेच नाही.

चहाच्या वेळी मी विहिरीचा विषय काढला.

"कुठली विहीर गो? आज तू आहेस म्हणून मी निवांत झोपले. आत्ता उठत्ये."

संध्याकाळी सुनीलचा फोन आला. आई जागी असते का, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, "काकांना इथेच राहू दे. आणि तू आधी कठडा बांध."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, अशा झोपेत दुसऱ्याची चाहूल कशी लागेल? त्या जाग्याच असणार. असतील. पण मावशीला खोटं बोलता येत नाही, साध्या पत्त्यांतही ती पकडली जाते. मला उलगडा झालेला नाही. एवढंच ठाऊक आहे, की मी टक्क जागी असून ओटीवरून उठेपर्यंत ती झोपेत विहिरीपाशी पोचली होती.