अनसूयामावशींचं अंगण

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी मुलीला घ्यायला गेले, की अनसूयामावशी आधी तिला ओट्यावर बसवायच्या आणि तिचे तळपाय उलटे करून मला दाखवायच्या. मातीने काळे झालेले असले, की त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा ताई, आज पोर जगलं," म्हणायच्या. मुलं घरातच राहिली आणि पाय कोरे राहिले, तर ओशाळून सांगायच्या, "आज लेकरू नुसतं ठिवून घेतलं मी. वाढवलं न्हाई."

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे ऐसपैस अंगण. माहेर मेंढपाळांचं, बालपण मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. नवरा वारला, एकुलता एक मुलगा महादू दौंडला रेल्वेत लागला, आणि मावशी एकट्या उरल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आम्ही गल्लीतल्या बायका रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाऊ लागलो, तेव्हा आमची मुलं सांभाळायला त्यांनी घेतली. अंगणात चिंचोके, गोट्या, फुटक्या कौलांची लगोरी असा सगळा पसारा असे.

मग गल्लीत केबल आली. मावशींकडेच मुलगी ठेवणाऱ्या पिंकीच्या आईने आपला जुना टीव्ही त्यांच्याकडे आणून ठेवला. मुलं शांत बसतील, मावशींनाही आराम मिळेल, असं तिच्या मनात होतं. मावशी दुपारचं एक कार्टून लावू द्यायच्या. ते संपलं, की टीव्हीवर घोंगडं टाकायच्या. "चला, उठा. आता डोळ्यांनी लांबचं बघा. तकडं घारी कुठवर गेल्यात सांगा मला."

पिंकीच्या आईला हे पटलं नाही. "मावशी, टीव्हीशिवाय ती घास गिळत नाही हो."

"भूक लागू द्या की तिला. आन् भूक लागाया आदी पळावं लागतं, बाई."

"तुमच्या वेळचं सोडा. आता तसं नाही राहिलं."

"वेळ बदलली आसंल. लेकराचं हाडूक तेच हाय न्हवं?"

पुढच्या आठवड्यात पिंकीच्या आईने मुलीला पलीकडच्या गल्लीत घातलं. तिथे एक बाई दिवसभर केबल लावून मुलं सांभाळत होती. तिथून आणताना पोरं स्वच्छ असत, रडत नसत. हळूहळू बाकीच्याही तिकडे वळल्या. माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि मावशींचं अंगण रिकामं झालं. तरी त्या रोज सकाळी सडा मारायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "हाताला सवय हाय, दुसरं काय."

त्याच सुमारास त्यांचा नातू ओंकार दौंडला आजारी पडला. पाच वर्षांचं पोर, अंगाने फुगलेलं. क्वार्टरचा जिना चढताना धापा टाकायचं, रात्री दचकून उठायचं. महादूच्या ड्युट्या वेड्यावाकड्या, सून सुनीता घरी शिवणकाम करायची. तीही बिचारी काय करणार, तिने टीव्ही लावून दिलेला. डॉक्टरांनी बजावलं, टीव्ही कमी करा, पोराला मैदानावर न्या. मावशी घराला कुलूप लावून दौंडला गेल्या.

सुरुवातीला ओंकारने लोळण घेतली, आजीला बोचकारलं. मावशींनी त्याला रोज भीमेच्या काठाकडे फिरवून आणलं. आधी कडेवरून, मग बोट धरून. "ताई, शेवटाला माझ्या फुडं पळत हुता. झोप बी लागाया लागली हुती त्येला," शिरूरला परतल्यावर हे मला सांगताना त्या पदराचं टोक पिळत होत्या. कारण पुढचं सांगायचं होतं. पळता पळता ओंकार एका पारावर चढला आणि पडला. हात मोडला.

"सुनीता म्हणाली, टीव्हीम्होरं बसला आसता तर हात मोडला नसता. आता काय बोलू मी? खरंच हाय की. नसता मोडला." मग म्हणाल्या, "महादू काय म्हणाला न्हाई. त्यानं निस्ती माझी पिशवी भरून दिली."

त्यानंतर मावशी मिटून गेल्या. सडा मारणंही सुटलं. एका सकाळी दार उघडलं नाही म्हणून मी ढकललं, तर जमिनीवर पडलेल्या. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महादूने त्यांना दौंडला नेलं.

मी भेटायला गेले, तेव्हा खोलीच्या खिडक्या बंद होत्या, टीव्हीवर ऊन पडून दिसत नाही म्हणून. मावशींची खाट बरोबर टीव्हीसमोर. पायथ्याशी ओंकार, आता आणखी जड झालेला, वेफर्सची पुडी मांडीवर. आजीकडे पाठ. महादूने आईचं अंग स्वतः पुसलं, पाणी पाजलं. मुलगा मायेचा, हे दिसत होतं. "दिवसभर लावून ठिवतो ताई," तो म्हणाला. "तेवढाच तिचा येळ जातो."

मावशींचे डोळे घट्ट मिटलेले होते. झोपल्या नव्हत्या, मी हात धरला तेव्हा डाव्या हाताने त्यांनी माझी बोटं आवळली. मी म्हटलं, "महादू, जरा बंद करतोस का?" त्याने बंद केला. ओंकार किंचाळायला लागला, पाय आपटायला लागला. बापाने पुन्हा लावला. मावशींची पकड सैल झाली.

पावसाळ्याच्या शेवटी महादूचा फोन आला. तो काहीतरी सांगत होता, पण मागे कार्टूनचा एवढा गोंगाट, की मला ऐकू येईना. "काय? मोठ्यानं बोल," मी म्हटलं.

मग आपली आई गेली, हे त्याला ओरडून सांगावं लागलं.