आक्कांचे पाच खण

दिलीपचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. ‘सुधा, आक्का गेली,’ एवढंच तो म्हणाला. त्या क्षणी मला त्यांचं आजारपण आठवायला हवं होतं... पण आठवलं ते आमच्या दारातलं भांडण. घामेजलेल्या आक्का, पायाशी पत्र्याची ट्रंक आणि तोंडात अस्सल मालवणी. फोन धरल्या धरल्याच मला हसू फुटलं. का हसतेस, असं दिलीपने विचारलं नाही. त्यालाही तेच आठवलं असावं.

आक्का माझ्या नणंद, दिलीपची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुडाळकडच्या एका खेड्यात आयुष्यभर शाळेत शिकवलं, धाकट्या भावाचं शिक्षण केलं आणि निवृत्त झाल्यावर आमचं वसईचं नवं घर बघायला म्हणून दोन दिवसांसाठी आल्या, त्या राहिल्याच. नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि बाल्कनी. बाल्कनीत त्यांनी आपली खाट टाकली. समोर शेजारच्या उमेळे गावाच्या बाजूला केळीच्या वाड्या होत्या. एखादी वाडी जाऊन तिथे इमारत उभी राहिली की आक्का म्हणायच्या, ‘लागला आणखी एक पडदा.’ कोणी नवखं भेटलं तर पदर सावरून सांगायच्या, ‘मी पाहुणी हो, चार दिवसांची.’ हा विनोद आम्ही इतकी वर्षं ऐकला, की त्यात थोडं खरंही असेल असं कधी वाटलं नाही.

मुलं मोठी झाली आणि घर लहान झालं. निखिलची बॅट सोफ्याखालून बाहेर डोकवायची. मुक्ता नववीत गेली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, ‘आई, मला माझी खोली पाहिजे. दार असलेली.’

‘दार कशाला?’ दिलीपने विचारलं.

‘लावायला!’

‘बरोबर आहे तिचं,’ आक्का म्हणाल्या. ‘उघडं ठेवण्यासाठी कोणी दार बसवत नाही.’

शेवटी काम काढायचं ठरलं. बाल्कनी बंद करायची, हॉलचा थोडा भाग तिला जोडायचा, की मुक्ताची खोली तयार. दिलीपने खडू घेऊन जमिनीवर रेघा मारल्या. भिंत इथे, दार तिथे, अभ्यासाचं टेबल खिडकीशी. आम्ही सगळे त्या रेघांमधून हसत-खिदळत फिरत होतो, आणि फिरता फिरता दिसलं की एक रेघ बरोबर आक्कांच्या खाटेखालून गेली आहे. निखिलच्या दिवाणाला जागा होती, शिवणयंत्रालाही होती. खाटेला नव्हती. आक्कांनीही ते पाहिलं. म्हणाल्या, ‘मला त्या सिमेंटचा त्रास होतो बाबा. काम संपेस्तोवर गावी जाऊन येते.’ परत कधी याल, असं मी विचारलं. ‘बघू...’ त्या म्हणाल्या. ठाम बोलणाऱ्या आमच्या आक्कांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

आक्का गावी गेल्या, आणि पुढचे दिवस म्हणजे नुसती जत्रा. शेगडी हॉलमध्ये स्टुलावर, मीठ कपाटात, पुस्तकं पलंगाखाली, पोह्यांत भुसा. सुतारकाम करायला जवळच्याच गावातले एक मिस्त्री होते. ते सारखं खिडकीकडे बोट दाखवून सांगायचे, ‘वहिनी, पानी येनार नाय. लिहून घ्या.’ ते खोलीचं माप घेत होते तेव्हा मुक्ता मध्येच म्हणाली, ‘काका, दोन पलंग करा. एकावर एक. खाली आत्या, वर मी.’

मी म्हटलं, ‘अगं, तुला स्वतःची खोली हवी होती ना?’

‘हवीच आहे. आत्या काय परकी आहे?’ वर म्हणाली, ‘आणि दार मी लावलं तरी आत्या आतच असेल. चालेल मला.’

मिस्त्रींनी विचारलं, ‘मग कपाटात म्हातारीसाठी खन किती?’ मी एरवी कप्पे म्हणते, पण तो जुना शब्द कानाला गोड लागला. ‘पाच खण,’ मी म्हटलं. कपाट उभं राहिलं त्या दिवशी आनंदात गावच्या वाण्याकडे फोन केला, कारण आक्कांकडे फोन नव्हता. म्हटलं, आक्कांना निरोप द्या, तुमच्यासाठी पाच खण ठेवलेत, काळजी करू नका, सावकाश या.

तिसऱ्या दिवशी आक्का दारात उभ्या. ट्रंक दाणकन खाली ठेवली. ‘पाच खण देऊन बोळवण करतंस गो माझी? माका नको तुझे खण! ह्याच घरात रवतलंय. स्वयंपाकघरात निजान, पण मी खंय जावचंय नाय!’

मला काही कळेना. मग एकदम उमगलं. त्यांनी चोळीचे खण समजले होते. बहिणीला साडी-खण देऊन सासरी बोळवतात तसे... आणि वर ‘सावकाश या’! मी त्यांना हाताला धरून आत नेलं. पॉलिशचा वास येत होता. मिस्त्रींनी कपाटाची दारं उघडली आणि म्हणाले, ‘मोजून घ्या आजी. पाच खन.’ आक्कांनी कपाट पाहिलं, पलंग पाहिले. खालच्या पलंगावर बसल्या आणि पदर तोंडावर धरून इतक्या हसल्या, की त्या हसताहेत की रडताहेत ते आम्हाला कळेना. मुक्ता वरून डोकावून म्हणाली, ‘आत्या, घोरायचं नाही हं.’

पुढे दहा वर्षं त्या खोलीत एक तरुण आणि एक म्हातारी बाई सुखाने भांडत राहिल्या. दार बहुतेक बंदच असायचं. आतून हसणं ऐकू यायचं, आम्ही गेलो की गप्प. सकाळी मुक्ता उठली नाही, तर आक्का निजल्या जागेवरून पाय उंच करून वरच्या फळीला टाच मारायच्या. ‘उठ गो, सूर्य माथ्यार इलो.’

आता मुक्ता पुण्याला नोकरी करते. दिवसकार्यासाठी आली तेव्हा मी खालच्या पलंगावर धुतलेली चादर घालून ठेवली होती. ती सरळ वर चढली. सकाळी चहा दोनदा गरम केला तरी तिचा पत्ता नाही. शेवटी खोलीत गेले, तर वर डोळे उघडे ठेवून पडलेली.

‘जागी आहेस? मग उठली का नाहीस?’

‘खालून लाथ आली नाही ना...’ ती म्हणाली. आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

खाली उतरल्यावर तिने मला वाकायला लावून फळीची खालची बाजू दाखवली. टाचेएवढ्या जागेवरचं पॉलिश पार उडून आतलं लाकूड दिसतंय, गुळगुळीत झालंय. यंदा घराला रंग द्यायचा आहे, पलंगांनाही नवं पॉलिश करायचं आहे. पण ती फळी सोडून.