हुकलेल्यांचे मावसाजी

सिनेमात काम कोणी केलं हे सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण त्या सिनेमात काम कोणी केलं नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे मावसाजी. आदिलाबादकडच्या बोथ गावाच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. साखर तोलताना समोरच्या गिऱ्हाइकानं एखाद्या पिक्चरचं नाव काढलं की तागडी तिथंच हवेत थांबे. "त्यात काम कोणं केलं थे तं साऱ्या दुनियेले माईत हाय," मावसाजी म्हणत, "कोणं नाई केलं थे सांगू?" मग साखर बाजूला राही. अमक्या फौजदाराचा रोल आधी भलत्याच नटाकडे होता, पण ऐन वेळी त्याला कांजिण्या निघाल्या. तमक्या पिक्चरची हिरॉईन खरं म्हणजे दुसरीच ठरली होती, पण तिला घोड्याची भीती वाटे आणि घोडा आधीच भाड्यानं आणलेला होता. ही माहिती कुठून येई, देव जाणे. पुड्या बांधायला रद्दीतून आणलेली जुनी सिनेमासिकं हे तिचं एक मूळ असावं. बाकीची मुळं मावसाजींच्या डोक्यातच असावीत. पडद्यावरच्या प्रत्येक नटामागे त्यांना दुसरा एक नट उभा दिसे, तोंड रंगवून तयार असलेला आणि कोणी हाक न मारलेला. त्यांचा सगळा जीव त्या मागच्यावर.

मावसाजी या हिवाळ्यात गेले. दुःख आहेच, पण त्या दुःखाच्या शेजारी एक निवांतपणाही येऊन बसला आहे. गेले त्याचा नव्हे. जाण्याआधी घरातली एक जुनी गोष्ट मिटली, त्याचा. ती गोष्ट त्यांच्यापेक्षा माझ्या मावशीची जास्त होती. पण तिच्याकडे जायचं तर मावसाजींच्याच वाटेनं जावं लागतं, आणि ती वाट काही सरळ नाही.

हुकलेल्यांची ही माया सिनेमापुरती राहिली असती तरी चाललं असतं. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की सगळं गाव निवडून आलेल्याच्या दारात गुलाल उधळत असे, आणि मावसाजी हार घेऊन पडलेल्याच्या घरी जात. पडलेला माणूस आधीच दार लावून बसलेला. त्याला वाटे, हा मीठ चोळायला आला. पण मावसाजी त्याच्या गळ्यात हार घालून गंभीरपणे सांगत, "सरपंच कोनीबी होते भाऊ. सरपंच होता होता राहाले नशीब लागते." एकदा पडलेल्या एका उमेदवारानं तोच हार त्यांच्या अंगावर फेकून मारला. मावसाजींनी तो उचलला, झटकला आणि दुसऱ्या पडलेल्याकडे नेला. नार्नूरला एका लग्नात तर त्यांनी कहर केला. वरपक्षाच्या पंगतीत बसून, जिलबी मोडता मोडता, या मुलीला आधी वांकिडीचं कसं स्थळ आलं होतं, पोरगा कसा देखणा होता आणि सगळं जमूनही कसं फिसकटलं, हे त्यांनी शेजारच्या गृहस्थांना रंगवून सांगितलं. ते गृहस्थ नवरदेवाचे सख्खे काका होते. मावशीनं लांबूनच ओळखलं आणि पंगत उठायच्या आत ती नवऱ्याला बसस्टँडवर घेऊन आली. "माह्या पोटात जिलबी बी पुरी गेली नाई," मावसाजी मला पुढं कितीतरी दिवस सांगत होते, "अन् मी पोराची तारीफच करून राह्यलो होतो ना!"

या सगळ्याचं कारण असं की मावसाजी स्वतः एक हुकलेले नट होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि त्या बाबतीत ते खरं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नसेल तेव्हा कुंतालाच्या धबधब्यावर एका तेलुगू पिक्चरचं शूटिंग आलं. युनिटला किराणा पोचवायचं काम मावसाजींच्या दुकानाकडे होतं. त्या पिक्चरमध्ये एका मुक्या पुजाऱ्याचा रोल होता. पिक्चरभर तो एक अक्षर बोलत नाही, नुसता बघतो. तो बघतो म्हणूनच पिक्चर चालला, असं लोक आजही म्हणतात. पुजाऱ्यासाठी आणलेला नट रुसून परत गेला होता आणि डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला होता. तेवढ्यात मावसाजी तांदळाचं पोतं घेऊन त्याच्यापुढून गेले. मावसाजींचे डोळे म्हणजे काय सांगावं! गावच्या देवीला चांदीचे डोळे बसवावेत तसे ते चेहऱ्यावर वरून बसवलेले वाटत. डायरेक्टर ओरडला, "कळ्ळु चूडु!" हे सांगताना मावसाजी थांबत, ऐकणाऱ्याकडे वळत आणि अर्थ सांगत, "म्हंजे, डोये पाहाय!" आणि मग ऐकणाऱ्याला खरंच काही वेळ ते डोळे पाहत बसावं लागे.

रोल ठरला. पुजारी म्हणून युनिटच्या न्हाव्यानं तिथंच त्यांचं डोकं केलं, शेंडी ठेवली आणि मिशाही उतरवल्या. उद्या सकाळी या, म्हणाले. मावसाजी आनंदाच्या भरात बोथला परत आले. आपल्याकडे बाप जिवंत असताना कोणी मिशा काढत नाही. डोकं आणि मिशा एकदम गेलेला माणूस दिसला की त्याचा बाप गेला, एवढाच त्याचा अर्थ. हे मावसाजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस कलेच्या धुंदीत असला की एवढं कुठलं सुचायला! मावशी अंगणात ज्वारी पाखडत होती. सासरे सकाळपासून शेतात गेलेले. समोरून नवरा आला तो सफाचट. तिनं सूप टाकलं आणि असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली धावून आली. मावसाजी "अवं आईक तं, आईक तं" म्हणत राहिले, पण नव्या सुनेचा तो पहिला हंबरडा. तो काही मध्येच थांबण्यातला नव्हता. बायका तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. कोणी बांबू आणायला गेलं, कोणी वांकिडीच्या आत्याबाईंना निरोप धाडला. आणि या गर्दीला बाजूला सारत, खांद्यावर वखराची दोरी टाकून, सासरे घरी आले. "काऊन जमले रे इतके?" त्यांनी विचारलं. "कोन मेलं?"

पुढचा सगळा दिवस आबांनी, म्हणजे मावसाजींच्या वडिलांनी, त्यांना ओट्यावर आपल्या शेजारी बसवून ठेवलं. गावोगावचे पाहुणे रडत येत आणि मेलेल्याला विडी ओढताना पाहून गप्प होत. "हा पाहा," आबा प्रत्येकाला सांगत, "मी जित्ता असून यानं मिश्या काढल्या." प्रत्येकाला चहा द्यावा लागला. तिकडे कुंतालाला डायरेक्टरनं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि शिपायाच्या कामासाठी आलेल्या एका किरकोळ नटाला पुजाऱ्याचं धोतर नेसवलं. तो नट पुढं इतका मोठा झाला की त्याचे फोटो केशकर्तनालयापासून पंचरच्या दुकानापर्यंत सगळीकडे लागले.

त्या नटाचं नाव मावसाजींनी कधी घेतलं नाही. "आपला मानूस" म्हणत. त्याला मुलगा झाला तेव्हा दुकानात पेढे वाटले. दुकानातला दिवा त्यांनी असा टांगला होता की उजेड बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर पडे. डाळ मात्र गिऱ्हाइकाला अंधारात निवडून घ्यावी लागे. आणि तो नट वारल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा मावसाजी उठले, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. मावशीनं घाबरून विचारलं, "कोन गेलं?" टॉवेल गुंडाळून मावसाजी म्हणाले, "मी जो होनार होतो, थो."

मावसाजींना हे सगळं विनोदानं घेता येई. मावशीला येत नसे. कुंतालाची गोष्ट निघाली की ती उठून आत जाई. पाहुणे असोत, जावई असोत, गोष्ट सुरू झाली की तिला आत काहीतरी काम निघे. मला वाटे, हजारदा ऐकून कंटाळली असेल. एकदा मेथी निवडताना तीच माझ्याशी बोलली. "बापू, मी तवा वरडली नसती तं हे सांजेलेच मागच्या दारानं निंगून गेले असते. आबाले पत्ता बी नसता लागला. थो मानूस कुठल्या कुठं गेला, अन् हे मीठ तोलून राह्यले." मी म्हटलं, मावशी, ते तर हसत सांगतात. "हासते," ती म्हणाली, "पर सांगते तं रोजच ना?" ज्या माणसाला दुःख नाही तो रोज कशाला सांगेल, हा तिचा हिशेब साधा होता. तो मला खोडता येत नव्हता आणि मावसाजींना विचारण्याचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं.

दोन उन्हाळ्यांमागे हैदराबादहून एक मुलगी चार-पाच जणांना घेऊन बोथला आली. छोटी फिल्म करायची होती. तिला एक म्हातारा किराणा दुकानदार हवा होता. तो गूळ तोलत असतो, कोणीतरी येऊन त्याच्या मित्राच्या मरणाची बातमी सांगतं, आणि तो काही न बोलता गूळ तोलत राहतो. एवढंच काम. तिनं बाजारभर फिरून शेवटी मावसाजींचे डोळे पाहिले आणि आमच्या घरात पुन्हा एकदा रोल आला. मावशीचं तोंड उतरलं. "आता बी नाई जमलं तं?" ती मला हळूच म्हणाली. थोड्या वेळानं परत आली. "अन् जमलं तं बापू? लयच चांगलं जमलं तं?" तिला या दुसऱ्या शक्यतेची भीती जास्त होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. जमलं असतं, तर इतकी वर्षं काय वाया गेलं ते तिला डोळ्यांनी दिसणार होतं.

शूटिंगला मी मावसाजींबरोबर होतो. त्यांचंच दुकान, त्यांचीच तागडी, त्यांचाच गूळ. मुलगी "ॲक्शन" म्हणाली आणि जन्मभर गूळ तोललेल्या माणसाला गूळ तोलता येईना. आधी त्यांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला. मग तागडी उलटी धरली. बातमी सांगणारा यायच्या आतच त्यांनी डोळे मोठे केले. आणि तो आल्यावर ते इतके मोठे केले की बिचारा आपलं वाक्य विसरला. "तातय्या, काही करू नका, नुसता गूळ तोला," मुलगी त्यांना तेलुगूत आजोबा म्हणून पुढं हिंदीत विनवीत होती. "थेच तं करून राह्यलो," मावसाजी घाम पुशीत म्हणाले. दुपारपर्यंत ढेप मऊ पडली आणि तिच्यावर माशा बसायला लागल्या. समोरचा शिंपी मशीनवरून उठून गंमत बघायला आला होता. मावसाजींनी त्याला हाताला धरून गादीवर बसवलं. "तू कर रे. तुले काईच येत नाई, तुले जमनार." शिंप्यानं गूळ तोलला, बातमी ऐकली, पुन्हा तोलला. काम झालं. बाजारातून हार मागवून मावसाजींनी शिंप्याच्या गळ्यात घातला. जिंकलेल्याला त्यांनी हार घालण्याची ती पहिलीच वेळ असावी.

घरी येताना ऑटोत त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मला धास्ती वाटायला लागली. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतात. पाहतो तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात शिरून चपला न काढता ते थेट स्वयंपाकघरात गेले. मावशी भाकरी थापत होती. "आईकलं का," ते म्हणाले, "मले ॲक्टिंग येतच नाई! काडीची नाई येत! त्या पिक्चरात मी असतो ना, तं पिक्चर आदिलाबाद बी पोचला नसता. अवं, तुवं वरडनं लय कामाचं होतं. वाचलो मी." मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली. घरात वास सुटला, पण कोणी उठेना.

त्यानंतर मावसाजी जवळजवळ दोन वर्षं जगले, आणि फार मजेत जगले. आता हुकलेले रोल दोन झाले, म्हणून रुबाबही वाढला. "तिकडं माह्या जागी थो मोठा झाला, इकडं शिंपी," असं म्हणत. मावशी मात्र तरीही गोष्टीला बसली नाही. पण आता ती उठायची ती सवयीनं, आणि जाताना हसायची.

तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या आणि मी ओसरीवर. नुकत्याच लग्न झालेल्या एका नातसुनेनं विचारलं, "आजी, थे मिशीचं काय व्हतं? सारे हासते, मले कोनी सांगतच नाई." मावशी आता उठेल, असं मला वाटलं. आणि मावशी सांगायला लागली. ज्वारी पाखडणं, सूप टाकणं, स्वतःचा हंबरडा. तो तिनं सुतकाच्या घरात, पदर तोंडाशी धरून, हळूच काढून दाखवला. आधी कोणी हसेना. मग एकजण फुटली आणि मग सगळ्याच. मावशीही.

"बापू," तिनं आतून हाक मारली. "तिकडं कुंतालाले आधी काय झालं व्हतं रे? डायरेक्टर काय म्हने? मी कवा आईकलंच नाई."

मी आत जाऊन भिंतीला टेकून बसलो आणि तांदळाच्या पोत्यापासून सुरुवात केली. मला त्यांच्यासारखं सांगता आलं नाही, मध्ये दोनदा चुकलो. पण मावशी शेवटपर्यंत बसून राहिली.